गॅलन कोणाचा?

मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे आकडे वाचताना ४५५ हा आकडा परत परत भेटतो. भातसा प्रकल्पाचे तीन टप्पे झाले, प्रत्येकातून शहराला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर. मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पुरं झालं, त्याचेही ४५५. साडेचारशे नाही, पाचशे नाही, नेमके चारशे पंचावन्न. धरणाला किंवा जलवाहिनीला असल्या तिरक्या आकड्याचा सोस असायचं काही कारण नाही. आता त्याला ४.५४६ ने भागून पाहा. उत्तर येतं १००, वर कणभर. म्हणजे शंभर दशलक्ष गॅलन. १८६० मधल्या विहार तलावाच्या पहिल्या टप्प्याचे ३२ दशलक्ष लिटर सांगतात. भागले की ७ येतात. तुळशीचे १८, ते ४. १८९२ च्या तानसाचे ७७, ते १७. कागदावर लिटरची पाटी लागली, पण आत गॅलन राहतोच आहे, पागडीच्या खोलीतल्या जुन्या भाडेकरूसारखा. भाडं नव्या मालकाला देतो, पण हलत नाही.

द्रवाच्या मापांचं रूपांतर म्हटलं की लोक गुणाकाराची धास्ती घेतात. गुणाकार फोन करून देतो. माणसाने करायचं काम त्याच्या आधी येतं: समोरचा आकडा कोणाच्या मापातला आहे, ते विचारणं. गॅलन कोणाचा, औंस कोणाचा, कप कोणाचा. हा प्रश्न न विचारता केलेला गुणाकार सहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक येतो आणि तरी उत्तर पाचव्या हिश्श्याने चुकतं.

खरं तर मराठी माणसाला हा प्रश्न नवा नसावा. आपल्याकडे दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. शेरापर्यंत दर पायरीला दुप्पट, असं सुटसुटीत कोष्टक. पण कोष्टक एक असलं तरी पायली गावोगाव वेगळी. मणाच्या कुठे बारा पायल्या, कुठे सोळा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना शेर त्याच्या जेमतेम एकतृतीयांश. या मुंबई शेराचे ७२ टांक होत, आणि त्याचा आठवा हिस्सा म्हणजे नऊ टांक, तेच नवटाक. पुढे दारूबंदीच्या काळात गुत्त्यावर नवटाक हे ग्लासाचंच नाव झालं, तेव्हा टांक कशाला म्हणतात हे पिणाऱ्याला ठाऊक असायची गरज उरली नव्हती. बाहेरगावी धान्य घेताना ‘कुठली पायली?’ असं आधी विचारायचे आणि मगच भाव करायचे. गॅलनलाही तेच विचारायचं, एवढंच.

गॅलन दोन आहेत. धाकटा गॅलन वयाने मोठा आहे. राणी ॲनच्या काळात, १७०७ मध्ये, इंग्लंडात वाइनचा गॅलन २३१ घनइंचांचा ठरला. अमेरिकेने तोच धरून ठेवला: ३.७८५ लिटर. खुद्द इंग्लंडने मात्र १८२४ मध्ये जुनी मापं मोडून नवा गॅलन बांधला; ६२ अंश फॅरनहाइटला दहा पौंड पाणी जेवढी जागा व्यापतं तेवढा. हा ४.५४६ लिटरचा, बिनचूक हवा तर ४.५४६०९. मुंबईत आला तो हा दुसरा. धरणांच्या कागदांत, जुन्या इमारतींच्या नकाशांत, जुन्या पंपांवरच्या पितळी पट्ट्यांवर गॅलन लिहिलेला असेल तर तो ब्रिटिश समजावा. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खोक्यातून, वेबसाइटवरून किंवा व्हिडिओतून आलेला गॅलन बहुतेक अमेरिकन.

दोघांचं गुणोत्तर १.२. म्हणून हिशेबात पंचवीस नाही, दहा नाही, बरोबर वीस टक्के वाढ किंवा साडेसोळा-सतरा टक्के तूट दिसली तर मोटर, गळती, मीटर यांच्या मागे लागण्याआधी गॅलनवर संशय घ्यावा.

औंसाचं त्याहून वाईट. ब्रिटिश गॅलनचे १६० औंस, अमेरिकन गॅलनचे १२८. त्यामुळे ब्रिटिश गॅलन मोठा, पण ब्रिटिश औंस लहान: २८.४१ मिलिलिटर. अमेरिकन २९.५७. ‘ब्रिटिश ते मोठं’ असं लक्षात ठेवलेला माणूस औंसाशी येऊन हमखास घसरतो. पाइंट पुन्हा उलट्या बाजूला: ब्रिटिश पाइंट २० औंसांचा, ५६८ मिलिलिटर, अमेरिकन १६ औंसांचा, ४७३. आणि मुंबईच्या बारमध्ये ‘एक पाइंट’ म्हटलं की ३३० मिलिलिटरची बियरची बाटली येते, जी या दोन्ही पाइंटांपैकी कोणाचीच नातलग नाही. तिथे रूपांतर करायला जाऊ नये. ते माप नाही, ते नाव आहे.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर ‘क्वार्टर’ही तपासून घ्या. क्वार्टर १८० मिलिलिटर, खंबा, म्हणजे पूर्ण बाटली, ७५०. चार क्वार्टर ओतले तर ७२० होतात, तीस मिलिलिटर, म्हणजे एक छोटा पेग, कमी. जुनी बाटली ब्रिटिश गॅलनच्या सहाव्या हिश्श्याची असे, ७५७.७ मिलिलिटर, अमेरिकन गॅलनचा पाचवा हिस्साही ७५७.१ येतो. दोन भांडखोर गॅलन एवढ्या एका जागी एकमेकांना भेटतात. मेट्रिकमध्ये आणताना बाटलीचे ७५० झाले, पाव बाटलीचे १८० झाले, आणि नाव तेवढं जुन्या हिशेबाचं उरलं.

तोंडी हिशेबासाठी दोन युक्त्या पुरतात. ब्रिटिश गॅलनचे लिटर करताना साडेचारपट करा आणि शंभरामागे एक वाढवा, ४.५४५ येतात, कोणत्याही घरगुती कामाला भरपूर. अमेरिकन गॅलनचे करताना चौपट करून विसावा हिस्सा वजा करा, ३.८ येतात, हजारात चारची चूक. उलट दिशेला ब्रिटिश गॅलन हवे असतील तर लिटरला २२ ने गुणून शंभराने भागावं. पावकी, निमकी, औटकी पाठ असलेल्या पिढीने हे बोटांवर केलं असतं.

आता गच्चीवर चला. सोसायटीत पाण्याचं माप खरोखर लागतं ते टाकीपाशी, आणि चुका सर्वांत महाग पडतात त्याही तिथेच. टाकी फुटात बांधलेली, पाणी लिटरमध्ये येतं, जुना नकाशा गॅलन म्हणतो. दुवा एकच आकडा आहे: एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर. त्यातच ब्रिटिश गॅलन ६.२३ आणि अमेरिकन ७.४८ मावतात. इंटरनेटवर घनफुटाचे गॅलन विचारले की उत्तर बहुधा ७.४८ मिळतं. ते घेऊन पुढे ४.५४६ ने गुणलं की झाला घोटाळा: पहिली उडी अमेरिकेची, दुसरी इंग्लंडची, आणि टाकी बसल्या जागी वीस टक्क्यांनी फुगते. घनफुटावरून थेट लिटरवर जावं. मध्ये गॅलनच्या स्टेशनवर उतरूच नये.

चाळीस बिऱ्हाडांची इमारत धरा, बिऱ्हाडी पाच माणसं. नगररचनेतला माणशी १३५ लिटरचा ठोकताळा लावला तर दिवसाला २७,००० लिटर लागतात. (१३५ लिटर म्हणजे ३० ब्रिटिश गॅलनला जेमतेम लिटर-दीड लिटर कमी, नजर एकदा तयार झाली की असे आकडे जागोजागी दिसायला लागतात.) टाकी बारा फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट उंच. गुणाकार ९६० घनफूट, २८.३२ ने २७,१८७ लिटर. पुरलं की! कमिटी खूश. पण ही मापं टेपने बाहेरून घेतलेली असतील तर भिंती सहा-सहा इंचांच्या धरून आतली लांबी-रुंदी अकरा बाय नऊ फूट उरते. वर फ्लोट आणि ओव्हरफ्लोच्या पाइपासाठी फूटभर जागा सोडलेली असते, तिथपर्यंत पाणी चढतच नाही. तळाशी पाइपाचं तोंड अर्धा फूट वर असतं. त्याखालचं पाणी आणि गाळ आपल्या कामाचा नाही. उरले साडेसहा फूट. ९९ गुणिले साडेसहा म्हणजे ६४३.५ घनफूट, जवळपास १८,२०० लिटर. कागदावरच्या टाकीतून नऊ हजार लिटर उडाले, एकही थेंब न गळता. सोसायटीच्या सभेत ‘पाणी जातं कुठे’ यावर होणाऱ्या भांडणांपैकी बरीच या वजाबाकीत मिटू शकतात, असं माझं मत आहे. मिटत नाहीत, कारण वजाबाकीपेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबावर संशय घेणं सोपं.

गोल टाकी असेल तर आतला व्यास फुटात घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा, मग २२.२४ ने गुणा. थेट लिटर मिळतात. काळ्या प्लास्टिकच्या टाकीला मात्र वर निमुळता खांदा असतो, तिथे हा हिशेब थोडा जास्तच दाखवतो.

याच हिशेबाने टँकरही मोजता येतो. खालच्या भूमिगत टाकीचा तळही ९९ चौरस फुटांचा धरा; त्यात पाणी एक इंच चढलं तर सव्वाआठ घनफूट वाढलं, म्हणजे २३४ लिटर. दहा हजार लिटरचा टँकर रिकामा झाला तर पातळी सुमारे ४३ इंचांनी, साडेतीन फुटांहून इंचभर जास्त, वर यायला हवी. त्यासाठी भूमिगत टाकीच्या झाकणाशी एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ठेवावी, तिच्यावर इंचाच्या खुणा. टँकर लागण्याआधी पालिकेच्या पाण्याचा कॉक बंद करा, गच्चीवर चढवणारा पंप बंद करा, पाणी शांत होऊ द्या, पट्टी टाकीच्या तळाला टेकवून वाचा. टँकर संपल्यावर पाच मिनिटं थांबून पुन्हा वाचा, त्याच जागी. पंप चालू राहिला तर टँकरवाला नाहक चोर ठरतो. पालिकेचं पाणी चालू राहिलं तर चोर साव ठरतो. तळाला उतार असतो, म्हणून दरवेळी झाकणाचा तोच कोपरा. पट्टी गाळात रुतली तरी दोन्ही वेळा सारखीच रुतेल, आणि आपल्याला फरकच हवा आहे.

आणि इथे २८.३१६८ असा आकडा वापरायचा अट्टहास करू नका. पट्टी वाचताना अर्ध्या इंचाची चूक सहज होते, ती या टाकीत ११७ लिटरची. २८.३२ ऐवजी तो घेतला तर पूर्ण टाकीत फरक पडतो तो दोन-तीन लिटरचा. माप जेवढं ढोबळ, तेवढेच आकडे लिहावेत. पेट्रोल पंपावर ग्राहकाला पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागता येते. तिथे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, अर्धा टक्का. कायद्याच्या मापाला अर्धा टक्का पुरतो, तर आपल्या बादलीला दोन टक्के पुरायला हरकत नाही.

टाकीखाली उतरलं की स्वयंपाकघरातल्या आरओच्या यंत्रात अमेरिकन गॅलन बसलेला सापडतो. आतल्या मेम्ब्रेनवर ७५ किंवा ८० जीपीडी लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसाला इतके गॅलन. ७५ ला ३.७८५ ने गुणा: २८४ लिटर दिवसाला, तासाला १२ च्या किंचित आत. यंत्राच्या बाहेर तासाला १२ किंवा १५ लिटर छापतात, ते या घराण्यातलं. ब्रिटिश गॅलन धरला तर ३४१ लिटर येतात, आणि ‘यंत्र कमी पाणी देतंय’ म्हणून मेकॅनिकला बोलावणं होतं. शिवाय तो आकडा २५ अंश तापमानाच्या पाण्यावर, ठरलेल्या दाबाखाली, चोवीस तास अखंड चालवून धरलेला असतो. पाणी एक अंशाने गार झालं की उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी उतरतं. घरी यंत्राच्या नळाखाली लिटरचं भांडं धरून पाहणं चुकीचं, कारण तो नळ आतल्या साठ्यातून येतो. साठा रिकामा करून, भरायला किती वेळ लागतो ते मोजावं. नागदेवी रस्त्यावर पंप घ्यायला गेलात तर तिथेही पट्टीवर एलपीएम (मिनिटाला लिटर) आहे की जीपीएम (मिनिटाला गॅलन) ते आधी वाचा, आणि जीपीएम असेल तर पंप कुठल्या देशाचा, ते.

डबे, पिंपं, जार यांच्यातही हीच भावकी. चाळीत पाणी भरायला वापरायचे तो रॉकेलचा चौकोनी डबा ‘चार गॅलनचा’ म्हणत: ब्रिटिश धरला तर १८.२ लिटर, आणि मुळातले पाच अमेरिकन गॅलन धरले तर १८.९. पोर्तुगीजांकडून नाव घेतलेलं, मोरीच्या कोपऱ्यातलं पिंप २०० लिटरचं, म्हणजे ४४ ब्रिटिश गॅलन. अमेरिकेचं ५५ गॅलनचं पिंप २०८ लिटरचं. ऑफिसातला उलटा घालायचा पाण्याचा जार आपल्याकडे २० लिटरचा, बाहेरच्या अनेक देशांत १८.९ चा. एकाचं झाकण दुसऱ्याला बसतं म्हणून दर लावताना दोन्ही सारखे समजू नयेत.

पावसाळ्यात वर्तमानपत्रं तिसरीच भाषा बोलतात. धरणातून ‘वीस हजार क्युसेकने विसर्ग’ म्हणजे सेकंदाला वीस हजार घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, दिवसभर चालला तर साडेचोवीस लाख लिटर. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, म्हणजे जवळजवळ १,६०० क्युसेकची अखंड धार. वीस हजार क्युसेकचा विसर्ग शहराचं दिवसभराचं पाणी दोन तासांच्या आत सोडून देतो. आणि टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, २८,३१७ दशलक्ष लिटर. सातही तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. वाचताना अंक मोजावे लागतात असा हा आकडा. टीएमसीत तो ५१ होतो. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. मुंबईचे सातही तलाव कोयनेत दोनदा ओतता येतील, हे लिटरच्या सात आकड्यांतून कोणाच्या लक्षात आलं असतं? आपण मेट्रिकचे असूनही घनफूट सोडवत नाही त्याला आळस हे एकच कारण नसावं. डोळ्यांत मावणारे आकडे माणूस सोडत नाही.

आता चूल. आपल्या पाककृती वाटीच्या आहेत आणि वाटी हे माप नाही, प्रमाण आहे. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. वाटी दीडशेची असो की दोनशेची, भात तोच होतो. इथे रूपांतर करणं म्हणजे उगाच उठाठेव. अडचण येते ती प्रमाणाच्या पाककृतीत एखादी स्वतःच्या मापाची वस्तू शिरली की. अंडं, खमिराची पुडी, दुधाचा डबा या गोष्टी वाटीबरोबर लहानमोठ्या होत नाहीत. अमेरिकन कप २३७ मिलिलिटरचा, तिथल्या पाकिटावर छापायला सोयीचा म्हणून २४० धरतात. क्रॉफर्ड मार्केटात केकच्या सामानाच्या दुकानांत मिळणारे संच बहुधा २५० चे. फरक साडेपाच टक्के. मैदा, साखर, दूध सगळं त्याच कपाने घेतलं तर काही बिघडत नाही. पण दूध मिलिलिटरमध्ये मोजलं आणि मैदा २५० च्या कपाने, की पीठ घट्ट होतं आणि केकच्या माथ्यावर भेग पडते. संच एक, तर शेवटपर्यंत तोच. आणि अमेरिकन पाककृतीतला ‘१४ औंसांचा’ आटवलेल्या दुधाचा डबा द्रव औंसांचा नसतो, वजनाच्या औंसांचा असतो: ३९७ ग्रॅम. आटवलेलं दूध पाण्यापेक्षा जड, म्हणून मोजायला गेलं तर ते जेमतेम ३०० मिलिलिटर भरतं. १४ ला २९.५७ ने गुणून ४१४ मिलिलिटर ओतणाऱ्याची मिठाई गोडमिट्ट होणार आणि सेट होणार नाही.

चमच्याबाबत मराठी भाषाच थोडी ढिली आहे. चहाचा चमचा ५ मिलिलिटर, टेबलस्पून १५, ऑस्ट्रेलियन पाककृतीत टेबलस्पून २०. आपल्याकडे तिन्हींना ‘चमचा’. वर पोहे खायचा चमचा, वाढायचा चमचा, डाव आहेतच. भाजीत खपून जातं. औषधात तिप्पट डोस जातो. म्हणून औषधाच्या बाटलीबरोबर येणारं खुणांचं टोपण फेकून देऊन घरातला चमचा वापरणं हा शुद्ध हट्ट आहे. पूर्वी डॉक्टर मिक्स्चर द्यायचे तेव्हा कंपाउंडर बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच, एक डोस. औंस किती मिलिलिटरचा हे रोग्याला कळायची गरजच त्याने ठेवली नव्हती. द्रवाच्या मापातलं यापेक्षा शहाणं साधन मला ठाऊक नाही. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची कुपी मात्र अजून ‘दोन ड्रॅमची’ असते. ड्रॅम म्हणजे औंसाचा आठवा हिस्सा, साडेतीन मिलिलिटरच्या जरा वर. नवटाकाचा चुलतभाऊच म्हणायचा. मोहम्मद अली रोडवर अत्तर तोळ्याने विकतात. तोळा हे वजन, ११.६६ ग्रॅमचं, पण हातात येते ती १२ मिलिलिटरची कुपी. अत्तर पाण्याहून हलकं की जड यावर वजन बदलणार, पण त्या दुकानात नाकापुढे तराजू कोण नेतो.

वजन आणि आकारमान यांची सरमिसळ सर्वांत महाग पडते तेलात. तेल पाण्याहून हलकं: एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळे १५ किलोचा डबा म्हणजे साडेसोळा लिटर, आणि १५ लिटरचा डबा म्हणजे पावणेचौदा किलोच्याही आत. दोघांची उंची डोळ्यांना सारखी वाटते. भावात सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक आहे. शिवाय तेल तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतो आणि ६० अंशांना ८९२. पिशवीवर ‘६० अंशांना एक लिटर’ असं बारीक अक्षरांत छापलं की कमी तेल देऊनही माप खरंच ठरायचं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढायला आणि वजनही छापायला सांगितलं, ते यासाठी. तेव्हा तेलाचा भाव ताडताना ग्रॅमचा आकडा धरावा. हल्ली लिटरच्या पिशवीच्याच तोंडावळ्याच्या, पण कमी ग्रॅमच्या पिशव्याही शेजारी मांडलेल्या असतात.

धान्याच्या मापाला शीग असते. भरून वर चढवलेलं शिगेचं माप वेगळं, हात फिरवलेलं वेगळं, आणि सारा वाद त्या शिगेवर. पाण्याला शीग नसते म्हणून द्रवाचं माप बिनभांडणाचं वाटतं. तसं नाही. अरुंद काचेच्या नळीत पाणी कडेला वर चढतं आणि मध्ये खोलगट होतं. खूण त्या खोलगट भागाच्या तळाशी, डोळा त्याच उंचीवर आणून वाचायची. वरून वाकून पाहिलं तर जास्त दिसतं. दुधाचा फेस बसल्याशिवाय पातळी धरू नये. तेल मापाच्या भिंतीला चिकटून राहतं, ते दहा-पंधरा सेकंद उलटं धरून निथळू द्यावं.

घरातली भांडी तपासायची असतील तर प्रिन्सेस स्ट्रीटवरून खुणांची काचेची नळी आणायची गरज नाही, डिजिटल काटा पुरे. कोरडी वाटी काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, पाणी काठोकाठ भरा, बाहेर सांडलेला थेंब पुसा, वाचा. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. मुंबईच्या हवेत लिटरभर पाणी हजार ग्रॅमऐवजी ९९६ च्या आसपास भरतं, पाणी उबदार असतं म्हणून. आपल्याकडची प्रयोगशाळेतली काचेची मापंही २० अंशांऐवजी २७ अंशांना प्रमाणित करायची पद्धत आहे, ती याच हवेला धरून. वाटीच्या कामाला हजारात चारचा फरक सोडून द्या. प्रत्येक भांडं तीनदा भरा आणि मधला आकडा घ्या. काठोकाठ भरलेली वाटी उचलून ओतता येत नाही, म्हणून रोज जिथपर्यंत भरता त्या रेघेपर्यंतचाही आकडा वेगळा टिपून ठेवा. बहुतेक घरांत कळेल की आपण ज्याला एक वाटी म्हणतो ती दोन-तीन वेगवेगळ्या भांड्यांची मिळून एक समजूत आहे.

आकडा कागदावर लिहिला तर हरवतो, मार्करने लिहिला तर राखेने, नाहीतर घासणीने जातो. पायधुणीला तांबाकाट्यावर भांडी घेतली की दुकानदार बुडाला नाव घालून देतो. आडनाव, तारीख, कोणी कोणाला दिलं ते. त्याच सुईने, नावाच्या खाली, ‘१८५ मिलि’ एवढं आणखी घालून घ्यावं.